देठ सापडला

७ जानेवारी

ओव्हन आला आणि दारातच अडकला. मापं मी दोनदा घेतली होती, पण दोन्ही वेळा ओव्हनचीच. दाराचं माप घ्यायचं राहून गेलं. वन्सं फुटपाथवर कमरेवर हात ठेवून उभ्या. "अगं, ओव्हन मागवलास की हत्ती?" हमाल हसले, मीही हसले. वन्सं हसल्या नाहीत. शेवटी ह्यांना फोन केला. हे लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे अवजड धूड कुठून कसं सरकवायचं ते ह्यांना बरोबर कळतं. अर्ध्या तासात दाराची चौकट निघाली, ओव्हन आत गेला, चौकट परत जागेवर बसली.

ही वही वन्संनीच दिली. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेली बाई. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, "घरी बसून मला वेड लागेल. तू पाव छान करतेस. दुकान काढू." नणंदेबरोबर धंदा म्हटल्यावर माझ्या मैत्रिणींनी कपाळाला हात लावला. वहीत रोज पिठाचं वजन आणि ओव्हनचं तापमान लिही, असा हुकूम आहे. मी यात सगळंच लिहिणार आहे. वन्संनी जन्मात दुसऱ्याचं पत्र उघडलं नाही, त्यामुळे वही सुरक्षित आहे.

१५ जानेवारी

पहिली खेप कच्ची. दुसरी करपली. तिसरी अशी झाली की आम्ही दोघींनी उभ्याउभ्याच अख्खा पाव संपवला.

एक मात्र आहे. दमायला फार होतं. पीठ मळताना मध्येच थांबून टेबलाला टेकावं लागतं. ओव्हनची धग सोसत नसावी. त्यावर मी उपाय शोधलाय: पेलाभर बर्फ शेजारी ठेवते आणि कडाकडा चावते. काय बरं वाटतं!

२३ जानेवारी

आज पाळीचा आठवा दिवस. दोन दुकानांत फरशीचे नमुने बघायचे होते, पण दर तासाला बाथरूम शोधत कुठे हिंडणार? राहू दे. चाळिशी उलटली की असं होतंच म्हणतात. मी एक्केचाळीस. काळे अॅप्रन शिवायला टाकलेत.

१ फेब्रुवारी

उघडलं! सकाळी सातला दार उघडलं आणि दहाच्या आत सगळं संपलं. शेवटचा पाव कोपऱ्यावरच्या जुन्या बेकरीचा मालक घेऊन गेला. मोठ्ठ्या पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. आम्ही त्याला मिशीवाला म्हणतो. त्याने पाव हातात घेतला, कानाशी नेऊन दाबला, वास घेतला आणि म्हणाला, "वरचं कवच चांगलं. आत थोडी घाई झालीय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पहिल्याच दिवशी प्रतिस्पर्धी येऊन असं बोलतो! वन्सं शांतपणे म्हणाल्या, "माणूस खरं बोलला."

एका गिऱ्हाईकबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "कितवा महिना?" मी म्हटलं, "महिना कसला, दिवसभर पाव चाखतेय त्याचं पोट आहे हे!" सगळे खो खो हसले. आमची पिटुकली, वय वर्षं नऊ, घरी आल्यावर माझ्या पोटावर टकटक करून म्हणाली, "आई, हे कडक आहे गं. पावाचं पोट मऊ असायला हवं ना?" पोरगी फाजील झालीय.

वन्सं मात्र दोन्ही वेळा हसल्या नाहीत. पहिल्या दिवसाचं दडपण असेल.

९ फेब्रुवारी

पिठाचं पोतं तळघरातून वर आणताना चौथ्या पायरीवर बसले आणि उठताच येईना. वन्सं वरून बघत होत्या. खाली आल्या, पोतं स्वतः उचललं. मग माझा बर्फाचा पेला हातात घेऊन विचारलं, "हे कधीपासून?"

"झाले असतील दोन-तीन महिने."

त्या पेला घेऊनच निघून गेल्या. आता बर्फसुद्धा मोजून खायचा की काय! बाहेर जाऊन ह्यांच्याशी फोनवर काहीतरी कुजबुजत होत्या. माझीच तक्रार, दुसरं काय.

१७ फेब्रुवारी

ओव्हनमधून ट्रे काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ट्रे पडला, मी पडले नाही, कारण वन्संनी मागून अॅप्रनची गाठ धरली होती. त्या मागेच का उभ्या होत्या, देव जाणे. तशाच पीठभरल्या हातांनी मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. वेळ आधीच घेतलेली निघाली, माझ्या नावावर, आठवड्यापूर्वीच. याला काय म्हणायचं?

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं. "चार महिन्यांच्या पोटाएवढं लागतंय. आणि मूल नाही, ते आपण तपासलं." रक्तही काढलं. हिमोग्लोबिन सात. त्या रिपोर्टकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही पाव मळताय कशा? मला तर तुम्ही इथवर चालत आलात याचंच आश्चर्य वाटतंय." बर्फाचं विचारलं. रक्त कमी झालं की काही जणींना बर्फ खावासा वाटतो, काही जणींना खडू, माती.

"खडू," वन्सं कोपऱ्यातून म्हणाल्या. एवढंच.

१९ फेब्रुवारी

सोनोग्राफी. आधी भांडंभर पाणी प्यायला लावतात आणि मग त्याच भरलेल्या पोटावर दाबतात. पोटावर गार जेली. सोनोग्राफीचा डॉक्टर तरुण, गप्पिष्ट. सुरुवातीला पावाविषयी विचारत होता. "ही एक गाठ. फायब्रॉइड म्हणतात, गर्भाशयाच्या स्नायूचीच गाठ असते, साधी असते. ही दुसरी, आतल्या अस्तरात घुसलीय, रक्त जातंय ते हिच्यामुळे. ही तिसरी..." आणि मग उजव्या बाजूला गेला आणि गप्प झाला. यंत्राची बटणं नुसती टकटक वाजत होती.

बाहेर आल्यावर त्याने वन्संना आणि मला समोर बसवलं. उजवीकडे एक मोठी गाठ आहे, मोसंब्यापेक्षा मोठी. ती गर्भाशयाची आहे की ओव्हरीची, ते या यंत्रात दिसत नाही, कारण उजवी ओव्हरी वेगळी अशी सापडतच नाहीये. गर्भाशयाची असेल तर काळजी नाही. ओव्हरीची असेल तर... "तर आधी एमआरआय करू," तो म्हणाला.

वाक्य असं अर्धवट सोडायला नको होतं त्याने.

२० फेब्रुवारी

सगळे पाव करपवले.

२३ फेब्रुवारी

घरात कुणीच काही बोलत नाही. ह्यांनी सगळ्या नळांचे वॉशर बदलले, मग सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आता घरात एकही दार वाजत नाही. त्यामुळे शांतता जास्तच वाटते. काल पिटुकलीने विचारलं, "बाबा, तू काय बिघडलंय ते शोधतोयस का?" हे म्हणाले, "हो बेटा, पण सापडत नाहीये," आणि गच्चीत निघून गेले.

आणि आज हे. दुपारी औषधं आणायला गेले तर जुन्या बेकरीच्या मागच्या दारातून वन्सं बाहेर पडल्या. बाह्या कोपरापर्यंत वर, कोपराला पीठ. मिशीवाला दारापर्यंत सोडायला आला होता. वन्संनी मला बघितलं नाही. गेला पंधरवडा दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी "काम आहे" म्हणून जातात, आता रविवारीसुद्धा. ते काम हे.

कळलं मला. आजारी भागीदार कुणाला हवा? त्यांनी दुसरीकडे सोय बघितली. दोषही देता येत नाही. पण त्यांनी तोंडावर सांगायला हवं होतं. तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, माझंच तेवढं दडवलं.

२६ फेब्रुवारी

एमआरआय. आत सरकवलं तेव्हा मला एकदम ओव्हनमधल्या ट्रेची दया आली. कानांवर हेडफोन, तरीही ठक ठक ठक ठक, मग घर्रर्र, मग पुन्हा ठक ठक. "हलू नका," एवढाच आवाज मधूनमधून. मी त्या ठोक्यांवर मनातल्या मनात पीठ मळायला घेतलं. दुमडा, दाबा, वळवा. दुमडा, दाबा, वळवा. बाहेर काढलं तेव्हा माझ्या हिशेबाने तिथे चाळीस पाव तयार झाले होते.

वन्सं बाहेर बाकावर ताठ बसून होत्या. शुक्रवार नव्हता, मंगळवार नव्हता, म्हणून आल्या असतील.

२८ फेब्रुवारी

आज शुक्रवार. तरीही वन्सं आल्या. हेही कामाच्याच कपड्यांत, हातात पान्हा घेऊन, लिफ्ट अर्धी सोडून आले. "त्यात कुणी अडकलं नाही ना?" मी विचारलं. "नाही, रिकामी आहे," म्हणाले. पण खात्री दिसली नाही.

एमआरआय बघणाऱ्या डॉक्टर बाई आहेत, पिकल्या केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी आम्हाला पडद्यासमोरच बसवलं. माझ्या पोटाच्या चकत्या, एकामागून एक. मध्ये गर्भाशय, आणि उजवीकडे काळाकुट्ट गोळा. मी नजर ह्यांच्या पान्ह्याकडे वळवली. वन्संनी मात्र सरळ बोट ठेवलं.

"एवढं काळं? काळं म्हणजे वाईट ना?"

"इथे उलटं आहे," बाई म्हणाल्या. "या चित्रात पाणी पांढरं दिसतं आणि घट्ट स्नायू काळा. हा बघा मांडीचा स्नायू, काळा. आणि हा गोळा, त्याच रंगाचा. असं काळं दिसलं की मला बरं वाटतं."

मग त्यांनी चकत्या हळूहळू पुढे सरकवल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. "आता हे बघा. हा गोळा कुठून आलाय?" गोळ्यापासून गर्भाशयापर्यंत एक बारीक काळी पट्टी होती, आणि तिच्यातून रक्तवाहिन्यांच्या रेघा चाललेल्या. "हा देठ. वांग्याला असतो तसा. गाठ गर्भाशयाचीच आहे, बाहेर लोंबतेय, म्हणून सोनोग्राफीत ओव्हरीची वाटली. आणि ही तुमची उजवी ओव्हरी. बिचारी मागे दडपली गेली होती. बघा, ठणठणीत. ही डावी. तीही."

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं. पान्हा हातातच.

"म्हणजे सगळ्या गाठी फायब्रॉइडच्याच. काढल्यावर रीतीप्रमाणे तपासायला पाठवतीलच. पण मी आज रात्री शांत झोपणार आहे, तुम्हीही झोपा."

ह्यांनी त्या बाईंना वाकून नमस्कारच केला. मी रडले की हसले ते आठवत नाही. वन्सं उठल्या, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या आणि हात धूत राहिल्या. स्वच्छ होते हात. तरी धूत राहिल्या.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर म्हणाल्या, "माझ्या वेळी कुणी फोटो काढला नाही. मी चौतीस वर्षांची होते. खडू खायचे. पिशवी काढून टाकली आणि नंतर सांगितलं." एवढं बोलून पुढे चालू लागल्या. सतरा वर्षं मी या घरात आहे. मला हे माहीत नव्हतं.

३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. नुसत्या गाठी काढायच्या, किंवा गर्भाशयच काढायचं. नुसत्या गाठी काढल्या तर पुढे पुन्हा येऊ शकतात, हेही सांगितलं. "घाई नाही. विचार करा. पिशवी तुमची आहे."

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी आणखी मूल होऊ देणार नाही, हे पक्कं आहे. पण अडगळ झाली म्हणून घर कशाला पाडायचं? मी म्हटलं, "गाठी काढा. बाकीचं राहू दे." वन्संनी मान हलवली, जणू मी पोस्टात बरोबर फॉर्म भरला होता.

आता महिनाभर शिरेतून लोह घ्यायचं, रक्त वाढलं की ऑपरेशन. पण दुकानाचं काय? सहा आठवडे पिठाचं पोतं सोडा, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. महिनाभरापूर्वी उघडलेलं दुकान बंद करायचं? विचारायचा धीर होत नाही. उत्तर माहीत आहे.

६ मार्च

विचारलं. न राहवून, एकदम, गिऱ्हाईक दारात असताना. "वन्सं, तुम्ही जुन्या बेकरीत जायला लागलात ते मला माहीत आहे."

"मग?"

"मग तसं सांगा तरी. मी अडवणार नाही."

वन्संनी गिऱ्हाईकाला सुटे दिले, ते गेल्यावर दाराला कडी घातली, आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणून टेबलावर ठेवलं. ठप्प. कापड उघडलं तर पाव. म्हणजे पाव म्हणायचं म्हणून. भिंतीला लावला असता तर भिंत उभी राहिली असती.

"हा पहिला. आता जरा बरे होतायत," त्या म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलं, तीस वर्षं शिक्के मारलेत, पीठ मारायला शिकवा. तू दवाखान्यात पडशील तेव्हा मळणार कोण? तुला सांगितलं असतं तर तू शिकवायला उभी राहिली असतीस. तुला उभंच तर राहायचं नव्हतं."

"पण तुम्ही तर सोनोग्राफीच्या आधीपासून जाताय!"

"बर्फ बघितला त्या दिवसापासून."

मी आधी हसायला लागले, मग रडायला, मग तो पाव दोघींनी मिळून कापायचा प्रयत्न केला. सुरी वाकली. इतक्या वर्षांत वन्संना एवढं हसताना पहिल्यांदा बघितलं. हसल्या की त्यांना उचकी लागते. कळायला हवं होतं मला.

२९ मार्च

परवा ऑपरेशन झालं. आडवा छेद, बोटभर रुंदीची पट्टी, हसलं की टाके ओढतात. आणि हसवायला सगळे टपलेले.

फोटोत चार दिसल्या होत्या, निघाल्या सात. सर्जनबाईंनी ह्यांना बोलावून ट्रेमध्ये दाखवल्या. हे शूर माणूस, तीस मजले उंच लिफ्टच्या खोबणीत लोंबकळतात, पण खुर्ची मागावी लागली. पिटुकलीला सांगताना मात्र रुबाबात: "एक मोठ्ठी देठाची, दोन मध्यम, चार लिंबाएवढ्या." तिने वहीत चित्र काढलं आणि शाळेत नेलं. तिच्या बाईंचा फोन आलाय. हेच बोलतील.

दुकान बंद नाही! वन्संचे पाव विकले जातायत. एका गिऱ्हाईकाने "पाव जरा भरीव झालाय" म्हटल्यावर वन्संनी त्याला "पोटभर खा आणि एकच घ्या" असं सुनावलं म्हणे.

५ एप्रिल

तपासणीचा रिपोर्ट आला. सातही साध्या. डॉक्टरीणबाईंनी फोनवर वाचून दाखवला, मी स्पीकर लावला, ह्यांनी पिटुकलीला खांद्यावर घेऊन घरभर नाच केला. तिचं डोकं दिव्याला लागलं. तिलाच टेंगूळ आलं, पण तीच जास्त हसत होती.

१९ एप्रिल

दुकानात जायची परवानगी, पण खुर्चीत बसून. काम बघायचं, हात लावायचा नाही. मी राणीसारखी बसते आणि सूचना देते. वन्सं एकही ऐकत नाहीत.

एक गोष्ट लक्षात आली. ओव्हनमध्ये बिघाड असावा. मिशीवाला रोज दुपारी चार वाजता तापमान तपासायला येतो. तपासायला दोन मिनिटं लागतात, पण ओव्हन थंड व्हायची वाट बघत तासभर बसतो. बोलणं दोघांचंही मोजकंच. आज त्याने मिशा कातरून आणल्या होत्या. चारच्या सुमाराला वन्सं चष्मा पुसतात आणि मला आत पीठ चाळायला पाठवतात, बसून. मी ह्यांना म्हटलं, ओव्हनच्या कंपनीला कळवू या. हे म्हणाले, "अजिबात कळवू नकोस." हे एवढे का हसत होते, कळलं नाही.

१० मे

परवा तपासणी झाली. पुन्हा तीच सोनोग्राफी, तोच तरुण डॉक्टर, तीच गार जेली. या वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलत होता. "हे बघा गर्भाशय, पेरूएवढं. छान. ही उजवी ओव्हरी, आता लगेच सापडली." बाहेर पडताना म्हणाला, "त्या दिवशी मी गप्प झालो होतो, नाही का? घाबरलो होतो. तुमच्यापेक्षा जास्त." मी म्हटलं, "शक्यच नाही." उद्या त्याच्यासाठी एक पाव पाठवणार आहे.

हिमोग्लोबिन बारा पूर्णांक चार. पीठ मळायची परवानगी.

१४ मे

सोमवारी पाळी आली. मी काळे अॅप्रन काढून ठेवले, दर तासाचं घड्याळ लावलं, जुन्या सवयीने सगळी तयारी केली. मंगळवारी घड्याळ वाजलं, काही नाही. आज तिसऱ्या दिवशी, दुकान भरलेलं, रांग फुटपाथपर्यंत, मी तळघरातल्या बाथरूममध्ये जाऊन बघितलं. संपत आलं होतं. तीन दिवसांत. माणसांना येते तशी पाळी! मी तिथेच, एकटी, मोठ्याने हसत सुटले. थांबेचना.

वरून वन्संचा आवाज, घाबरलेला: "अगं, काय झालं?"

"काही नाही!"

"मग ओरडतेस कशाला?"

"काहीच झालं नाही, वन्सं! काहीच नाही!"

मग त्यांना कळलं. कारण उचकी ऐकू आली. मागोमाग मिशीवाल्याचा आवाज, "पाणी देऊ का?" सकाळचे साडेनऊ वाजले होते. तो इतक्या सकाळी ओव्हन तपासायला कशाला आला होता, कुणास ठाऊक.

मी पायऱ्या चढून वर आले आणि सरळ पिठात हात घातले. समोर रांग होती, कुणीतरी ओरडलं, "बाई, किती वेळ?"

"आता झालेच," मी म्हटलं. वर आले तेव्हा मला धाप लागली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं ते अर्धी रांग संपल्यावर.